विश्लेषण : फाटका क्यूआर कोडही मोबाइल बरोबर कसा वाचतो? त्यामागचे राजचंद्र बोस कोण होते?

कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीत किंवा कर्वे पुतळ्यापाशी भाजीच्या गाडीवर लावलेला क्यूआर कोड जरा निरखून पाहिला, तर तो क्वचितच धडधाकट असतो. पावसाने एक कडा सुटलेली, पालेभाजीवर मारलेल्या पाण्याने शाई फुटलेली, उन्हाने एखादा पट्टा पांढरा पडलेला. तरीही मोबाइल समोर धरला की विक्रेत्याचे नाव पडद्यावर येते, आणि बरोबर येते. खरे तर एखादा ठिपका काळ्याऐवजी पांढरा वाचला गेला, तरी खात्याची ओळख बदलायला हवी. वनाज स्थानकावर मेट्रोचे चुरगळलेले कागदी तिकीट दाखवतानाही हाच अनुभव येतो.

यात कॅमेऱ्याचा वाटा असतोच, पण चुकलेला ठिपका ओळखून तो दुरुस्त करण्याचे काम गणित करते. या गणितातल्या एका महत्त्वाच्या शोधावर एका भारतीयाचे नाव आहे. बोस म्हटले की आपल्याला जगदीशचंद्र आठवतात, सत्येंद्रनाथ आठवतात, नेताजी तर आठवतातच. हे बोस निराळे. राजचंद्र बोस, जन्म १९०१, मृत्यू १९८७. आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामात त्यांच्या बरोबरीने होते नागपूरहून गेलेले एक मराठी गणिती, शरच्चंद्र श्रीखंडे.

बोस यांचे नाव क्यूआर कोडमध्ये नेमके कुठे येते?

क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, ते सगळ्यांना दिसतात. त्यांच्या कडेने ठिपक्यांची एक लहानशी रांग असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या रांगेत १५ ठिपके असतात. बाकीचा कोड कोणत्या पद्धतीने वाचायचा, हे मोबाइलला त्यातून कळते. ते कळले नाही तर उरलेले शेकडो ठिपके शाबूत असूनही निरुपयोगी. कुलूप आहे, घर आहे, पण किल्ली हरवली, असा प्रकार.

खरी माहिती या १५ पैकी फक्त ५ ठिपक्यांत मावते. उरलेले १० ठिपके त्या पाचांची राखण करतात. १५ पैकी कोणतेही ३ ठिपके चुकले तरी मूळ ५ परत मिळतात. शिवाय खबरदारी म्हणून ही रांग दोन ठिकाणी छापलेली असते. या रचनेचे नाव ‘बीसीएच कोड’. त्यातला ‘बी’ म्हणजे बोस. उरलेल्या मजकुराचे रक्षण ‘रीड-सॉलोमन’ नावाचा कोड करतो. तो याच घराण्यातला. कोड तयार करताना किती संरक्षण हवे ते निवडता येते. जास्तीत जास्त निवडले तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी चालते. काही कोडच्या मधोमध कंपनीचे बोधचिन्ह ठसठशीत छापलेले असते, ते याच जोरावर. मोबाइलच्या दृष्टीने ते बोधचिन्ह म्हणजे कागदावर पडलेला डागच असतो.

होशंगाबाद, रोहतक आणि १९१८ चा ताप

बोस यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी नर्मदाकाठच्या होशंगाबादचा, म्हणजे आजच्या नर्मदापुरमचा. तेव्हा हे गाव मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. वडील डॉक्टर. पुढे कुटुंब रोहतकला राहिले. पाच भावंडांत राजचंद्र सर्वांत थोरले. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, मुलगा हुशार होता, सगळे सुरळीत चालले होते.

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढ्या तिला नुसता ‘ताप’ म्हणत. या साथीत त्यांची आई गेली. पुढच्याच वर्षी पक्षाघाताने वडीलही गेले. वयाच्या अठराव्या वर्षी चार धाकट्या भावंडांचा मोठा भाऊ एवढेच त्यांचे स्थान उरले नाही, ते घरातले कर्ते झाले. अशा स्थितीत शिक्षण सोडून मिळेल ती नोकरी धरणारी मुले त्या काळात घरोघर होती. बोस शिकत राहिले. दिल्लीत शिक्षण घेऊन ते कोलकात्याला गेले आणि १९२७ मध्ये तिथून पहिल्या वर्गात एम.ए. झाले.

कोलकात्यात त्यांना श्यामादास मुखोपाध्याय हे गुरू लाभले. मुखोपाध्याय भूमितीतले मोठे नाव; वक्र रेषांविषयीचे त्यांचे १९०९ चे एक प्रमेय आजही शिकवले जाते. बोस आशुतोष कॉलेजात शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात भूमितीवर निबंध लिहू लागले. तोपर्यंत संख्याशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि संदेशवहनाशी तर दूरान्वयानेही नव्हता.

पन्नास निबंध आणि एक पुस्तक

डिसेंबर १९३२ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्यांना गाठले. भारतीय सांख्यिकी संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि महालनोबिस गणिताची माणसे शोधत होते. बोस यांचे भूमितीवरचे काम त्यांनी पाहिले होते. त्यांनी अर्धवेळ काम देऊ केले. संख्याशास्त्र आपल्याला फारसे येत नाही, हे बोस यांनी लपवले नाही. कामावर रुजू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टेबलावर ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे सगळे खंड, त्यातल्या ५० निबंधांची यादी आणि रोनाल्ड फिशर यांचे पुस्तक येऊन पडले. एवढे वाचून झाले की तूर्त पुरे, असा महालनोबिस यांचा निरोप होता. भरतीची ही पद्धत आजच्या मुलाखतींपेक्षा बरी म्हणावी लागेल.

१९३५ मध्ये बोस संस्थेत पूर्णवेळ आले. त्याच सुमारास कोलकाता विद्यापीठात फ्रीड्रिश लेव्ही हे जर्मन गणिती आले. ते ज्यू होते, नाझी राजवटीने त्यांची नोकरी घालवली होती. (हेच लेव्ही पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होते.) युरोपात तेव्हा बहरलेले नवे बीजगणित त्यांच्यामुळे कोलकात्यात शिकवले जाऊ लागले. बोस त्यांच्याकडून ते शिकले. एका हुकूमशहाने हाकललेला प्राध्यापक कोलकात्यात आला नसता, तर पुढची गोष्ट कशी घडली असती हे सांगणे कठीण.

१९३८ च्या सुरुवातीला खुद्द फिशर भारतात आले आणि त्यांनी शेतीवरच्या प्रयोगांची आखणी कशी करावी यावर व्याख्याने दिली. बोस यांचे सहकारी समरेंद्रनाथ रॉय यांना सुचले की, या आखणीसाठी नव्या बीजगणिताचा उपयोग होईल. बोस यांनी ती कल्पना उचलली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे सोडली नाही.

ज्वारीच्या वाणांचा इथे काय संबंध?

समजा ज्वारीच्या पाच वाणांची तुलना करायची आहे. पाच पट्टे पाडून प्रत्येकात एक वाण पेरला, तर ओढ्याकडचा पट्टा आपोआप चांगला येणार आणि श्रेय वाणाला मिळणार. म्हणून शेताचे पाच ओळी आणि पाच स्तंभ असे २५ चौकोन करायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा, प्रत्येक स्तंभात एकदा येईल असा पेरायचा. याला लॅटिन चौरस म्हणतात. सुडोकू खेळणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल. आता त्याच शेतात पाच खतेही तपासायची आहेत. तीही तशीच मांडायची, आणि शिवाय प्रत्येक वाणाला प्रत्येक खत नेमके एकदाच मिळाले पाहिजे. इथे काम अवघड होते. चाचपडत बसून अशी मांडणी हाती लागत नाही.

बोस यांनी काय केले, ते पाचच्या उदाहरणात सहज दिसते. ओळींना आणि स्तंभांना ० ते ४ असे क्रमांक द्या. प्रत्येक चौकोनासाठी ओळ अधिक स्तंभ अशी बेरीज करा, पाचने भागा, बाकी उरेल तो वाणाचा क्रमांक. मग ओळ अधिक स्तंभाची दुप्पट करा, पुन्हा पाचने भागून बाकी घ्या, तो खताचा क्रमांक. झाली मांडणी. कारण साधे आहे. वाण आणि खत हे दोन आकडे माहीत असतील, तर त्यांच्या वजाबाकीतून स्तंभ मिळतो आणि मग ओळही मिळते. म्हणजे प्रत्येक जोडीला शेतात नेमकी एकच जागा.

दोन खुणा कळल्या की जागा कळते. हे वाक्य लक्षात ठेवायला हवे, कारण वीस वर्षांनी बोस यांनी संदेशातल्या चुका पकडल्या त्या याच कल्पनेने.

बाकीच्या या अंकगणिताला मर्यादा आहे. ५ किंवा ७ साठी ते सरळ चालते. ४, ८ किंवा १६ साठी नुसती बाकी पुरत नाही. तिथे एकोणिसाव्या शतकात गाल्वा या अल्पायुषी फ्रेंच तरुणाने शोधलेले वेगळे अंकगणित वापरावे लागते. त्यात संख्या मोजक्याच असतात, पण बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळे नीट होते. ६ किंवा १० साठी मात्र असे अंकगणितच अस्तित्वात नाही. या शेवटच्या अडचणीने पुढे बोस यांना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नेले.

प्रयोगांच्या आखणीचा हा विषय आपल्याकडे कागदावर राहिला नाही. पांडुरंग सुखात्मे आणि पानसे यांनी कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे जे पुस्तक १९५४ मध्ये लिहिले, त्यावर कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या.

बोस यांनी भारत का सोडला?

१९४१ मध्ये कोलकाता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. पहिल्या तुकडीला शिकवणाऱ्यांत बोस होते आणि विद्यार्थ्यांत सी. आर. राव. १९४५ मध्ये बोस विभागप्रमुख झाले. त्या वेळी विद्यापीठाच्या लक्षात आले की, जगभर ज्यांच्या निबंधांचे दाखले दिले जातात त्या आपल्या विभागप्रमुखांकडे डॉक्टरेटच नाही. ती घ्यावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी छापून आलेले निबंध एकत्र बांधून सादर केले आणि १९४७ मध्ये विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

त्याच वर्षी ते पाहुणे प्राध्यापक म्हणून अमेरिकेत गेले, आधी कोलंबिया आणि मग नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. भारतातूनही त्यांना पदे देऊ करण्यात आली आणि ती मोठीच होती. अडचण तीच होती. ती पदे प्रशासनाची होती: फायली, नेमणुका, बैठका. त्यात आपले संशोधन संपेल, हे बोस यांना दिसत होते. वय ४७ होते. मार्च १९४९ मध्ये त्यांनी चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले प्राध्यापकपद स्वीकारले.

या निर्णयाला ‘ब्रेन ड्रेन’ म्हणणे सोपे आहे. मात्र ज्या माणसाने अठराव्या वर्षापासून घर सांभाळत संशोधनासाठी वेळ काढला होता, त्याला देशाने वेळ सोडून बाकी सगळे देऊ केले होते. चांगल्या संशोधकाला बढती म्हणून कारभार सोपवायचा, ही आपली सवय तेव्हापासूनची आहे.

नागपूरचे श्रीखंडे आणि ऑयलरची चूक

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ चा, सागरचा. म्हणजे गुरुशिष्य दोघेही जुन्या मध्य प्रांतातले. श्रीखंडे नागपूरला शिकले, काही काळ कोलकात्याच्या संस्थेत राहिले आणि नंतर चॅपेल हिलला जाऊन १९५० मध्ये बोस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झाले. त्यानंतर ते नागपूरला परतून शिकवू लागले. १९५९ मध्ये ते पुन्हा चॅपेल हिलला होते.

ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये एक कोडे मांडले होते. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा हुद्द्यांचे सहा अधिकारी. अशा ३६ जणांना सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल. हे वर सांगितलेले वाण आणि खतांचेच कोडे आहे. ऑयलरला ते जमले नाही. त्याने अंदाज केला की ६ साठीच नव्हे, तर १०, १४, १८, २२ अशा सगळ्या आकड्यांसाठी ते अशक्य आहे. ६ पुरते तो बरोबर होता. फ्रान्समधल्या गास्तों तारी यांनी सगळ्या शक्यता हाताने तपासून ते दाखवले, तेही बोस जन्मले त्याच सुमारास. उरलेला अंदाज मात्र पावणेदोनशे वर्षे तसाच राहिला. ऑयलरने म्हटले आहे म्हणजे खरेच असणार, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाय २२ चा चौरस रचून दाखवला. तो सापडताच अंदाज कोसळला. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा चौरस शोधला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडले तर ऑयलर सगळीकडे चुकला होता. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर दिली. शुद्ध गणिताच्या वाट्याला असे पान क्वचित येते. तिघांना मिळालेल्या विनोदी टोपणनावाचा अर्थ साधारण ऑयलरचा विचका करणारे असा होता.

शेतातला प्रश्न तारेत कसा पोहोचला?

हे सगळे चालू असताना अभियंत्यांच्या जगात वेगळाच प्रश्न धुमसत होता. तारेतून किंवा हवेतून पाठवलेल्या संदेशात खरखर मिसळते, ० चा १ होतो. मग काय करायचे? आपण फोनवर करतो तेच, पुन्हा सांगायचे. प्रत्येक अंक तीनदा पाठवला आणि बहुमत घेतले, तर एक चूक सुधारते. पण संदेश तिप्पट लांब होतो. आपल्याकडच्या वेदपाठींनी यापेक्षा हुशार युक्ती केली होती. घनपाठात शब्द नुसता पुन्हा म्हणत नाहीत, पुढच्या-मागच्या शब्दांशी उलटसुलट गुंफून म्हणतात. एखादा शब्द घसरला तर शेजारचे शब्द चुगली करतात.

बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये दाखवले की चार अंकांना तीनच जादा अंक जोडून एक चूक दुरुस्त करता येते. १५ ठिपक्यांत ११ माहितीचे आणि ४ राखणीचे, असाही त्यांचा कोड आहे. यापुढे प्रश्न होता दोन किंवा तीन चुकांचा. तिथे दहा वर्षे सर्वसाधारण वाट सापडत नव्हती.

बोस यांनी अभियंत्यांचे हे निबंध वाचले तेव्हा त्यांना त्यात आपलाच जुना प्रश्न दिसला. १९४७ मध्ये त्यांनी प्रयोगांच्या आखणीसाठी एक भूमितीय प्रश्न मांडला होता: मोजक्या बिंदूंच्या जगात जास्तीत जास्त किती बिंदू असे निवडता येतील की त्यांतले ठराविक संख्येचे कोणतेही बिंदू परस्परांत अडकलेले नसतील? शेतात याचा अर्थ होता, एका खताचा परिणाम दुसऱ्याच्या परिणामात मिसळू नये. तारेत त्याचा अर्थ झाला, एक संदेश थोडा बिघडला तरी दुसऱ्यात मिसळू नये. गणित तेच. १९५९ मध्ये श्रीखंडे यांच्यासह त्यांनी कोडच्या रचनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. आणि मार्च १९६० मध्ये तरुण विद्यार्थी द्विजेंद्र राय-चौधुरी यांच्यासह तो निबंध आला, ज्यात कितीही चुकांसाठी कोड बनवण्याची कृती होती.

दोन चुका पकडायच्या कशा?

कृतीचा गाभा शाळेतल्या बीजगणिताएवढा आहे. १५ ठिपक्यांच्या रांगेत प्रत्येक जागेला एक संख्या द्यायची. या संख्या गाल्वाच्या १६ संख्यांच्या अंकगणितातल्या, शून्य सोडून उरलेल्या १५. या अंकगणिताचा एक विचित्र नियम असा की, कोणतीही संख्या स्वतःत मिळवली की शून्य होते.

पहिला नियम: जिथे जिथे काळा ठिपका आहे त्या जागांच्या संख्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. एक ठिपका चुकला तर बेरीज शून्य येत नाही, चुकलेल्या जागेची संख्या येते. गुन्हेगार स्वतःचे नाव सांगून मोकळा होतो. हा झाला हॅमिंग यांचा कोड.

दोन ठिपके चुकले तर बेरीज येते त्या दोन जागांची मिळून. समजा कोणी सांगितले की दोघांच्या वयांची बेरीज ५० आहे. त्यावरून वये कळत नाहीत, आणखी एक माहिती हवी. शाळेत आपण वर्गांची बेरीज मागितली असती. इथे ती उपयोगाची नाही. बेरजेचा वर्ग केला की मधले दुप्पट गुणाकाराचे पद वरच्या विचित्र नियमाने शून्य होते, त्यामुळे वर्गांची बेरीज आधीच माहीत असते. नवे काही कळत नाही. म्हणून घनांची बेरीज घ्यायची. दुसरा नियम: काळ्या ठिपक्यांच्या जागांच्या घनांची बेरीजही शून्य हवी. आता बेरीज माहीत, घनांची बेरीज माहीत. त्यावरून गुणाकार निघतो, आणि बेरीज-गुणाकार मिळाले की दहावीतल्या वर्गसमीकरणासारखी दोन्ही मुळे हाती येतात. दोन खुणांवरून जागा, ओळ आणि स्तंभासारखीच.

तीन चुकांसाठी पाचव्या घातांची बेरीज. बस्स, पुढे असेच चालते. राखणीचा खर्च पहिल्या नियमाला ४ ठिपके, दुसऱ्याला आणखी ४. तिसऱ्याला २ च पुरतात, कारण या अंकगणितात पाचवे घात तीनच निरनिराळ्या किमती घेतात. ४ अधिक ४ अधिक २ म्हणजे १०. भाजीच्या गाडीवरच्या कोडमधले राखणीचे १० ठिपके ते हेच. १५ ठिपक्यांच्या एकूण ३२,७६८ रचना होतात, त्यांतल्या फक्त ३२ ग्राह्य, आणि कोणत्याही दोन ग्राह्य रचनांत निदान ७ ठिपक्यांचे अंतर. तीन ठिपके भरकटले तरी सर्वांत जवळचे घर मूळचेच राहते.

मात्र चार ठिपके चुकले तर हमी संपते. मोबाइल थांबेल किंवा शेजारच्या घरात शिरेल. तेव्हा दुसऱ्या ठिकाणी छापलेली रांग कामी येते.

चुका सुधारणाऱ्या कोडच्या नावातच चूक?

बोस यांना ठाऊक नव्हते, पण पॅरिसमध्ये अलेक्सी ओकंगेम या गणितज्ञाने हीच रचना सप्टेंबर १९५९ मध्ये, म्हणजे सहा महिने आधी, एका फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. सुरुवातीला जगाने तिला बोस-चौधुरी कोड म्हटले. पुढे ओकंगेम यांचे श्रेय मान्य झाले आणि तिसरे अक्षर जोडले गेले. रोमन लिपीत त्यांचे नाव एच अक्षराने सुरू होते, म्हणून बीसीएच. गंमत मधल्या अक्षराची. द्विजेंद्र यांचे आडनाव चौधुरी नव्हे, राय-चौधुरी असे जोडीचे. त्या हिशेबाने मधले अक्षर ‘आर’ हवे होते. जगभर चुका दुरुस्त करणाऱ्या कोडच्या नावातली ही चूक आजवर कोणी दुरुस्त केलेली नाही.

कोड बनवणे ही अर्धीच गोष्ट होती. बिघडलेल्या संदेशातून चुका भराभर शोधण्याची यंत्राला जमेल अशी रीत वेस्ली पीटरसन यांनी १९६० मध्येच दिली आणि नंतर बर्लकॅम्प व मॅसी यांनी ती खूप वेगवान केली. त्याच १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांचा कोड आला. तोही बीसीएचचाच विस्तार असल्याचे पुढच्या वर्षी स्पष्ट झाले. सीडीवरचे ओरखडे, पेजरवरचे संदेश, पेन ड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीतले थकलेले कप्पे, उपग्रहावरून घरच्या छतावर येणारे डीव्हीबी-एस२ पद्धतीचे प्रक्षेपण, या सगळ्यांत हे घराणे पसरले. जपानमध्ये १९९४ साली क्यूआर कोड तयार झाला तेव्हा त्याच्या रचनाकारांना हे गणित तयारच मिळाले.

नंतरची वर्षे

क्यूआर कोड पाहायला बोस नव्हते. १९७१ मध्ये, सत्तराव्या वर्षी, ते चॅपेल हिलमधून निवृत्त झाले आणि लगेच कोलोरॅडो राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. तिथूनही १९८० मध्ये ते निवृत्त झाले, पण त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थी अजून पीएच.डी. करत होता, ती पुरी झाली ती या दुसऱ्या निवृत्तीनंतर. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले.

श्रीखंडे भारतात परतले. मुंबई विद्यापीठातल्या गणित विभागाची आणि तिथल्या प्रगत अध्ययन केंद्राची उभारणी त्यांनी केली आणि १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. गुरूने जे टाळण्यासाठी देश सोडला तो कारभार शिष्याने अंगावर घेतला, आणि संशोधनही चालू ठेवले. वयाची शंभरी ओलांडून २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, ते गेले. त्याच सुमारास कोथरूडमधल्या गल्ल्यांत भाजीच्या गाड्या पुन्हा फिरू लागल्या, तेव्हा सुट्या पैशांना हात लावायला कोणी तयार नव्हते आणि गाडीगाडीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन दिसू लागले होते.